विरजण

नवतपाचा तिसरा दिवस.
दूध संकलन केंद्राच्या मागे, बाभळीच्या बुडाशी
संघमित्रा गेडाम उकिडवी बसली आहे.
दुपट्टा डोक्याला, तोंडाला, उघडे फक्त डोळे.
मातीत खुपसलेला तापमापक वाचते, वहीत लिहिते :
वर – एकसष्ट.
वीतभर खाली – अडतीस.
बिळाच्या तोंडाशी – कोणी नाही.

सतरा वर्षं मी या खिडकीत बसून फॅट लावतो.
मुंगळे पूर्वी अकराला परतायचे,
मग नऊला.
आता दिवेलागणीनंतर निघतात,
चोरासारखे, भिंतीच्या कडेकडेने.
आम्हीही केंद्राची वेळ साडेसहाची पाच केली.
कुणी कुणाचं पाहून, सांगता येणार नाही.

"झाडेकाका, यांच्या पोटात जिवाणू राहतात," ती म्हणाली,
"आतड्याच्या भिंतीत, त्यांच्यासाठीच राखलेल्या खोल्यांत.
मुंगळा पितो माव्याचा गोड रस.
नुसत्या गोडावर अंग धरत नाही.
जे कमी पडतं ते हा आतला बनवून देतो.
कवच काळं होतं, टणक होतं, ते त्याच्या जोरावर.
आणि राणी ते अंड्यात घालून पुढे देते.
माणूस नव्हता तेव्हापासून."

"म्हंजे इरजन," मी म्हणालो.

ती थांबली. पेन्सिल दातांत धरली.
"हो. पण भांड्याबाहेर न जगणारं.
इतका काळ आत राहून राहून
त्यानं आपलं एकेक सामान टाकून दिलं,
लागतंय कशाला, म्हणून.
उन्हाला तोंड द्यायचं सामानही त्यातच गेलं.
मुंगळा तग धरतो, काका.
ते आधी मरतं."

परवा आमच्या घरी दही लागलं नाही.
सकाळी झाकण काढलं तर दूध तसंच पातळ,
वर एक उतरलेला वास.
नलू काही बोलली नाही, वाटी घेतली,
ढोकांच्या दारात उभी राहिली,
चमचाभर घेऊन आली.
बाभळीखाली वाटी घेऊन
जायचं कुणाच्या दारात?

तिनं दोन नळ्या दाखवल्या.
एकीत इथलाच, शाईच्या ठिपक्यासारखा.
दुसरीत नागपूरच्या गरम पेटीत वाढलेला :
फिक्या चहाच्या रंगाचा,
पोटावर उजेड आरपार.
मेला नव्हता. चालत होता.
मिशा हलवत नळीच्या टोकाला जायचा, परत यायचा.
त्याला काय कमी आहे हे त्याला माहीत नव्हतं,
आणि मला नीट बघवेना.

दुपारी लाइट गेली.
कॅनवर ओला बारदाना टाकताना
हात जरा लांब गेला.
अर्धी बादली बाभळीच्या बुडाशी ओतली.
मातीनं आवाज केला, तव्यावर पडल्यासारखा.
मग कोपऱ्यातला एक जुना बारदानाही
तिथे पसरून आलो, कुणी बघत नव्हतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आत
बारदाना उचलून आणला.

तापमापक खुपसला तिनं, वाचला, पुसून पुन्हा वाचला.
"काका, वीतभर खाली कालच्यापेक्षा
सहा अंश कमी कसं?
रात्री पाणी आलं होतं का इथे?"

मी शेंडेंच्या म्हशीच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला होता.
तो वरखाली हलत होता अजून.
"नाई बा," म्हटलं, "पानी कुठलं?"

वही मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली.
आकड्याभोवती एक गोल काढला,
गोलाशेजारी प्रश्नचिन्ह.
खाली, ओलसर भेगेतून
एक डोंगळा वर आला, मिशा उचलल्या,
ऊन चाखल्यासारखं केलं
आणि आत गेला.

नऊ दिवस सरायला अजून पाच आहेत.
बादली दाराशीच आहे.